घरच्या फोटोतली मधली जागा

घरच्या फोटोत माणसाला कुठे उभं केलंय, यावरून त्या घरात त्याचं पुढे काय होणार हे मला ओळखता यायला लागलं, तेव्हा कॅमेरा हातात धरून मला वर्षही झालं नव्हतं. यात अंगात यायची काही भानगड नाही. मला ते शिकवलं गेलं. शिकवणाऱ्याचा शेलूबाजारला हायवेवर स्टुडिओ होता, जीप लागतात त्याच्या समोर, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे आणि तो स्वतःलाही उस्तादच समजायचा. जिना चढताना खालून युरियाचा वास यायचा आणि वर पोचलं की त्याच्या तंबाखूचा.

मी बारावी होऊन घरी बसले होते. बसले होते म्हणजे स्थळं येत होती, बघून जात होती आणि पुन्हा फोन करत नव्हती. एकदा मी मायला म्हटलं, मला फोटो काढायला शिकायचंय. ती म्हणाली, "शिक. चुलीपुढं बसून काळी पडून राह्यली, तथी लाइटीपुढं बसून तरी उजळशील." आमच्या घरात प्रोत्साहन असंच मिळतं.

उस्तादने पहिल्याच दिवशी हिशेब स्पष्ट केला. "कला शिकवाले नाही घेतलं तुले. नवरीच्या खोलीत मले जाता येत नाही, म्हनून घेतलं. हे डोक्यात पक्कं ठेव, मंग तुलेबी तरास नाही, मलेबी नाही." मी मान डोलावली. मग त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि तो माझ्या हातात दिला. फोटो काढला की लगेच उलटवून बघायची सगळ्यांना घाई असते, ती त्याला सहन होत नसे. "आंधी पाह्य, मंग दाब," तो म्हणाला. "दाबून मंग पाहून काय फायदा?" पुढचे किती तरी महिने मी तशीच आंधळ्यासारखी फोटो काढत होते. संध्याकाळी तो कार्ड कॉम्प्युटरला जोडायचा आणि दुकानात जो कोणी बसलेला असेल त्याला माझे फोटो दाखवायचा. जीपवाले, खतवाल्याकडचा हमाल, पासपोर्ट फोटोसाठी थांबलेली माणसं, सगळे माझ्या फोटोंवर पोट धरून हसायचे. करमणुकीचा वेगळा खर्च नव्हता.

"डोक्यावर एवढं वावर कायले सोडलं वं? तूर पेरतं का तथी?"

"हे पाहा, पाहा. नवरदेवाच्या टाळूतून लाइटीचा खांब उगवला. फांद्या कवा फुटतीन?"

हे सगळं ऐकून मी घरी येऊन रडायचे आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर वावर सोडायचे नाही. शिव्यांनी शिकता येत नाही असं म्हणणाऱ्यांना शिव्या चांगल्या मिळालेल्या नसतात, एवढंच मी म्हणेन. ॲपर्चर, शटर आणि आयएसओ या तिघी एका घरातल्या जावा आहेत, असं तो सांगायचा. एकीला जास्त दिलं की दुसरीचं कमी करायचं, नाहीतर घर पांढरंफटक पडतं. चौकट कशी बांधायची ते त्याने खिडकीच्या गजांवर शिकवलं. खिडकीला नऊ चौकोनांची जाळी होती. तो मला स्टुलावर बसवायचा आणि खालच्या रस्त्यावर चाललेलं माणूस कुठल्या गजावर आलं की फोटो घ्यायचा ते विचारायचा. मी हटकून मधल्या चौकोनाकडे बोट दाखवायचे. मग डोक्यात टपली बसायची. "मधात फक्त दोन जातीचे लोकं ठेवाचे. नवरा-नवरी, नाहीतर मेलेलं मानूस. बाकीचे बाजूले."

सगळ्यात जास्त डोक्यात बसला तो कापण्याचा धडा. फोटोत माणूस पूर्ण मावत नसेल तर चौकटीने त्याला कुठेतरी कापावं लागतं. "गुडघ्यावर कापू नको, कोपरावर कापू नको, मनगटावर तं बिलकुल नाही," तो म्हणायचा. "सांध्यावर कापलं का मानूस लुळं दिसते. मांडीतून काप, दंडातून काप. ज्याले कापलं त्याले समजलं नाही पाह्यजे." महिनाभरात माझी नजर अशी बिघडली की माय पोळी वाढायला वाकली तरी मी मनात तिला दंडातून कापायचे.

आमच्या बौद्ध लग्नांत मी पुढे त्याच्या उपयोगाला आले, कारण मी त्यातलीच होते आणि पांढऱ्याला मला भीती नव्हती. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्यात, मागे पांढरा पडदा, समोर निम्मा मांडव पांढरा. कॅमेऱ्याला एवढं पांढरं झेपत नाही. तो सगळं राखाडी करून टाकतो, जणू नवरी राख फासून आली आहे. उस्तादने सांगितलं, कॅमेरा घाबरला की त्याला प्लसमध्ये एक ढकल द्यायची, म्हणजे उजेड एक घर वाढवून घ्यायचा. ती ढकल मला बरोबर जमायला लागली. तेव्हाही तो चांगलं म्हणाला नाही. त्याच्याकडे कौतुकाचा एकच शब्द होता, "पास". तो शब्द मी त्याच्या तोंडून दुसऱ्यांच्या फोटोंसाठी ऐकला होता. माझ्या फोटोंना तो "चालते" म्हणायचा, आणि तेही तंबाखू थुंकून आल्यावर.

आता खरी गोष्ट सांगते. त्या भागात उस्तादचं नाव होतं ते नवरा-नवरीच्या फोटोंसाठी नाही. कामरगावपासून मालेगावपर्यंत लोक त्याला बोलवायचे ते घरच्या फोटोसाठी. लग्न लागलं, जेवणं आटोपत आली की घरातली सगळी माणसं एका रांगेत उभी करून मोठा फोटो काढतात. तो लॅमिनेट होऊन समोरच्या खोलीत टांगला जातो आणि पुढची कित्येक वर्षं आल्यागेल्याला दाखवला जातो. आता असा फोटो एवढी वर्षं टिकवायचा म्हटलं की त्यातली माणसंही टिकायला हवीत, आणि माणसांचा भरवसा कोणी द्यावा? म्हणून फोटोच्या आधी घरातलं एखादं जाणतं माणूस उस्तादला बाजूला घ्यायचं. हातात चहा द्यायचं आणि हळूच सांगायचं, "तो निळ्या शर्टवाला सुटा ठेवा."

सुटा म्हणजे नंतर काढून टाकता येईल असा. त्याला रांगेच्या टोकाला उभं करायचं. शेजारच्याच्या खांद्याला त्याचा खांदा लागू द्यायचा नाही. मध्ये वीतभर हवा ठेवायची. त्याची सावली कोणावर पडू द्यायची नाही आणि लहान पोर त्याच्या कडेवर द्यायचं नाही. उस्ताद हे इतक्या गोडीने करायचा की सुट्या माणसाला आपला मान ठेवला असंच वाटायचं. "तुमी उंच हा साहेब, तुमी काठावर शोभता," असं म्हणून तो त्याची कॉलरही नीट करायचा. साखरपुडा झालेला पण लग्न न झालेला जावई सुटा. वाटणीवरून तणातणी चाललेला भाऊ सुटा. एकदा कामरगावच्या एका लग्नात एका म्हातारीने सख्ख्या लेकाला सुटा ठेवायला सांगितलं होतं. आठ-दहा महिन्यांत तिचा निरोप आला आणि उस्तादने लेकाला एका मिनिटात काढून नवी प्रिंट दिली. रांग कुठे तुटली ते शोधूनही सापडलं नसतं.

कागदाच्या जमान्यात हे काम तो कात्रीने करायचा. कापलेल्या पट्ट्या त्याने एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. बोटाएवढ्या रुंद पट्ट्या, प्रत्येकीत एक माणूस, कॉलर नीट केलेला, हसणारा. मी विचारलं, हे कशाला जपून ठेवलं? तो म्हणाला, "कवा कवा समेट होते. मंग येतात लोकं, म्हनतात पुन्हा लावून द्या. मागून चिकटपट्टी मारून देत होतो." मी ही गोष्ट घरी जाऊन सांगितली तेव्हा ताई माहेरी आलेली होती. तिला ती फार आवडली. डब्यात बसलेली माणसं बोलवणं यायची वाट बघतायत, असं म्हणून ती कितीतरी वेळ हसत होती.

ताई माझी एकुलती बहीण, माझ्याहून मोठी. तिला मालेगावला दिली होती. तिच्या नवऱ्याचं सिमेंट-लोखंडाचं दुकान, घर दुमजली, सासू गोडबोली. एवढी गोड की बोलून गेली की हात धुवावासा वाटायचा. घरात एक आजेसासूही होती. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं आणि ती ताईच्या हातूनच जेवायची. लग्नाला बरीच वर्षं होऊन ताईला मूल नव्हतं. त्याबद्दल त्या घरात कोणी एक शब्द बोलत नव्हतं, आणि मायला तेच मोठं भाग्य वाटायचं. "बोलत नाहीत, चांगले लोकं हायत," ती म्हणायची. मला मात्र तोवर न बोलणाऱ्या लोकांची सवय झाली होती. ते चहा घेऊन उस्तादकडे यायचे.

मग ताईच्या दिराचं लग्न ठरलं आणि सासूने फोटोसाठी उस्तादलाच सांगितलं. मी पाहुणी म्हणूनही जाणार होते आणि कामालाही. मालेगावच्या मंगल कार्यालयात सकाळपासून मी नवरीच्या खोलीत होते, मग वंदनेच्या वेळी स्टेजखाली, मग पंगतीत. दुपार कलताना घरच्या फोटोची वेळ झाली. मी लाइटचं स्टँड धरून उस्तादच्या शेजारी उभी होते, तेवढ्यात ताईची सासू जिलेबीची ताटली घेऊन आली. माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, मी बाजूला होईपर्यंत थांबेल. ती थांबली नाही.

"मोठी सुटी ठेवजा," ती उस्तादला म्हणाली. घरात सुना दोन. मोठी म्हणजे ताई. मग माझ्याकडे हात करून, तितक्याच गोडीने, "हे लहान बहीन हाय ना तिची? तिलेच उभी कराले सांगा. तिचं ऐकते ते."

आणि माझ्या मोकळ्या हातावर एक जिलेबी ठेवून ती रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

उस्तादने माझ्याकडे बघितलंही नाही. तो लेन्स पुसत होता. "ऐकलं ना?" तो म्हणाला. "जाय. टोकाले, डाव्या हाताले. मधात वीतभर जागा. अन् तोंड पाडू नको, गिऱ्हाईक पाहून राह्यलं."

पंधरा पावलांवर ताई पदर सारखा करत, कुठे उभं राहू म्हणून माझ्याकडे बघत होती. ती मला बघून खुश होती, कारण मी सगळ्यांना हुकूम सोडणार होते आणि तिच्या सासरच्यांना ते ऐकावं लागणार होतं. त्या क्षणी मी आरडाओरडा केला असता तर तमाशा झाला असता, आणि तमाशाचं खापर ताईच्याच डोक्यावर फुटलं असतं. माझ्या हातात एवढंच होतं की मला माणसं उभी करता येत होती. कोण कुठे आणि किती चिकटून, हे माझ्यावर होतं. मी विचार केला, सुटी ठेवायची म्हणता ना, थांबा, अशी अडकवते की कात्री चालणार नाही.

मी आजेसासूची खुर्ची मधोमध घेतली. ताईला बरोबर तिच्या मागे उभं केलं आणि तिचे दोन्ही हात म्हातारीच्या खांद्यांवर ठेवायला लावले. म्हातारीने ओळखीचा हात लागताच स्वतःचा हात वर नेऊन तो धरला, हे मी सांगितलंही नव्हतं. नव्या नवरीला ताईच्या दंडात हात घालायला लावला. भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, अर्धं तिच्या मागे सरकवलं, असं की त्यांचा खांदा तिच्या खांद्यामागे गेला. सासूला तिच्या दुसऱ्या बाजूला घेतलं. ताईचा पदर खुर्चीच्या हातावरून पुढे सोडला. प्रत्येकाला कारण सांगितलं. "इथं उजेड चांगला येते." "तुमी थोडं आत या, आत्या, तुमच्यावर सावली पडून राह्यली." सासू आत आली. तिच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त ते आता वाळलं होतं.

उस्तादने कॅमेऱ्यातून बघितलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. त्याला सगळं समजलं. पण समोर सगळं कार्यालय बघत होतं, खिडकीतून येणारा उजेड उतरत होता, आणि जमलेली रांग पुन्हा मोडायची म्हणजे पाऊण तास. त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. "तूच बसवलं, तूच काढ," तो म्हणाला. मी एक प्लस दिला, श्वास धरला आणि दाबलं. पडद्यावर चिकटपट्टी होती तरी मला माहीत होतं की फोटो चांगला आला आहे. सगळ्यांच्या नजरा वळत वळत मध्ये येत होत्या, म्हातारीच्या चेहऱ्यावर आणि तिच्यावरच्या ताईच्या चेहऱ्यावर. तेवढा चांगला घरचा फोटो त्यानंतरही मी काढलेला नाही.

परतीच्या वाटेवर उस्ताद एकदाच बोलला. "फोटो खराब नाही केला तू. धंदा खराब केला." त्यानंतरचे कित्येक आठवडे त्याने मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. मी जिना झाडला, पडदे धुतले, पासपोर्ट फोटो कापले. मला काहीच वाटत नव्हतं. मी जिंकले होते.

मी ताईला सगळं सांगितलं. सासू काय म्हणाली, सुटी म्हणजे काय, सगळं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. "अवं, म्हनली असंल वेगळ्या अर्थानं. अन् तू मधात ठेवलं ना मले? मंग झालं." मायने तर मलाच झापलं. कॅमेरा शिकून माझ्या डोळ्यांत कचरा गेलाय आणि मी चांगल्या घरात काडी टाकतेय, असं तिचं म्हणणं. फोटो मोठा करून मालेगावच्या घरात टांगला गेला. दाराच्या समोर, टीव्हीच्या वर.

दिवाळी झाली आणि भाऊजी ताईला दोन दिवसांसाठी म्हणून सोडून गेले. मोठी बॅग होती. दोन दिवसांना एवढी बॅग कशाला, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मोबाइल चार्जिंगला लावलेला तिकडेच राहिला, असं ताई म्हणाली. मायच्या फोनवरून लावलं तर भाऊजी पहिल्यांदा दुकानात असायचे, मग गावाला, मग उचलेनासेच झाले. एक दिवस मालेगावहून दोन माणसं आली, चहा प्यायली आणि फारकतीचं बोलून गेली. गोडच बोलली. त्या घरची रीतच ती.

ताई रडली, पण सगळे समजत होते तेवढी नाही. तिच्याजवळ एक आधार होता, आणि तो मी दिलेला होता. मालेगावकडून कोणी आलं की ती पाण्याचा पेला देता देता विचारायची, "समोरच्या खोलीत फोटो हाय ना अजून?" येणारा म्हणायचा, हाय ना, टीव्हीच्या वर, मोठा. मग ती माझ्याकडे बघायची. तिचा हिशेब सरळ होता. मनातून काढली असती तर भिंतीवरून काढली असती. ज्यांना कायमचं तोडायचंय ते रोज जेवताना समोर कशाला बघतील? आजीचा जीव आहे, आजी म्हणत असेल, राहू द्या. आणि मी, सगळं माहीत असलेली, मी तिला म्हणायचे, "कापताच येत नाही तुले. कापलं तं आजीचा खांदा जाते, नव्या नवरीचा हात जाते." हे सांगताना मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा.

त्या फोटोच्या भरवशावर तिने फारकतीच्या कागदावर सही केली नाही. बाजारातल्या शिलाईच्या क्लासला जायला नकार दिला, कारण मध्येच बोलवणं आलं तर क्लास अर्धा राहील. बॅगेतल्या साड्याही तिने कपाटात लावल्या नाहीत. माय रोज म्हणायची, लाव. ती म्हणायची, लावते.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींनी दुसरी केली. लग्न लहानसं केलं, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि आमच्यापर्यंत बातमी उडत उडत आली. ताईने ती ऐकली आणि थोड्या वेळाने विचारलं, "भिंतीवरचा फोटो काढला का मंग तो?" बातमी आणणारीने सांगितलं, नाही बाप्पा, तिथंच हाय. ताईने माझ्याकडे बघितलं. तुम्ही म्हणाल, काय मूर्ख बाई. म्हणा. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आहे, मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी मी जिना चढून वर गेले, तर उस्ताद आधीच येऊन कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि पडद्यावर माझा फोटो होता. तीच खुर्ची, तीच म्हातारी, तिचा वर आलेला हात. नव्या नवरीचा दंडात घातलेला हात. ताईची पांढरी साडी, बारीक निळ्या काठाची, पदर खुर्चीवरून पुढे आलेला. आणि त्या साडीच्या वर एक अनोळखी बाई हसत होती. गोल चेहरा, नाकात खडा.

"काल तुह्या ताईची सासू आली होती," उस्ताद म्हणाला. माझ्याकडे पाठ होती. "म्हने मोठी काढून द्या. आता कशी काढू? कापाले जागा नाही. पुसली तं म्हातारीच्या मांगं भगदाड पडते, अन् म्हातारीनं धरलं काय मंग, हवा? तू जागाच अशी बांधली का तथी बाई पाह्यजेच. मंग म्हटलं, बाई राहू द्या, डोकं बदलू. नवीचा फोटो मोबाइलवर होताच. आता तं काय, बोट लावलं का होते."

मी पडद्याजवळ जाऊन उभी राहिले.

तो खुर्चीत मागे टेकला आणि डोळे बारीक करून फोटोकडे बघत राहिला, जसा तो दुसऱ्यांच्या फोटोंकडे बघायचा. "खरं सांगू का?" तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाचा फोटो असता तं एवढं डोकं बदलल्यावर गबाळा दिसला असता. हे पाह्य, काहीच हाललं नाही. पास हाय तुहा फोटो."

तो शब्द मी किती दिवस मागत होते, ते मला त्या वेळी आठवलं, आणि तो त्याच्या तोंडात परत कोंबावासा वाटला.

"मूळचा कुठं हाय?" मी विचारलं. मूळ फाईलला कधी हात लावायचा नाही, काम नेहमी दुसऱ्या नावाने साठवायचं, हे त्यानेच मला कॉम्प्युटरवर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. एकदा मी चुकले तेव्हा उपाशी बसवलं होतं.

"नाही ठेवला. जुना राहू देऊ नका म्हनल्या. त्याच्यावरच सेव्ह केला," तो म्हणाला. मग थोडा पुढे वाकून, कामातल्या माणसाच्या आवाजात, "उजेड बराबर बसला का पाह्य बरं. तुह्या डोळ्याले दिसते ते."

मी बघितलं. फोटोतल्या बाकी सगळ्यांच्या तोंडावर उजेड खिडकीकडून, उजवीकडून पडला होता आणि नाकांच्या सावल्या डाव्या गालावर होत्या. त्या बाईच्या नाकाची सावली उजव्या गालावर होती. एक कळ दाबून तोंड उलटं केलं असतं तर जुळलं असतं.

"बराबर हाय," मी म्हटलं.

एवढाच सूड मला घेता आला. मालेगावच्या त्या खोलीत, टीव्हीच्या वर, एक नाक जन्मभर चुकीच्या बाजूला सावली पाडत राहील आणि ते त्या घरात कोणालाही कधी दिसणार नाही. उस्ताद तंबाखू थुंकायला खाली गेला तेव्हा मी दुकानाचा नियम मोडून पडद्याचा फोटो माझ्या मोबाइलवर घेतला. ताईला तोंडाने सांगून पटणार नाही, हे मला माहीत होतं.

घरी ती अंगणात बसून गहू पाखडत होती. मी मोबाइल तिच्या हातात दिला आणि शेजारी बसले. तिने आधी सरळ बघितलं आणि तिचा चेहरा उजळला, कारण साडी ओळखीची होती. मग दोन बोटांनी मोठं केलं. तोंडावर फार वेळ थांबली नाही. खाली आली, म्हातारीच्या खांद्यांवर, हातांवर.

"बांगड्या माह्या हायत," ती म्हणाली. "हे हिरवी कंकनं मायनं भरली होती."

"हाव."

"आजीनं हात धरला ना, तो माहाच हाय."

"हाव, तुहाच."

सुपातला गहू तसाच होता. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखी माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात, मायला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "मंग माह्यं काढलेलं त्या डब्यात असंल ना वं? तू म्हनत होती, लोकं येतात, पुन्हा लावून द्या म्हनतात."

मी तिला सांगितलं की आता कापत नाहीत. आता जुन्याच्या वरच नवीन बसवतात आणि खाली काही पडत नाही.

"काहीच नाही पडत?"

"नाही," मी म्हटलं.